पिशवीवरचे नाव

डिचोली आणि साखळी या दोन बाजारगावांच्या मधल्या पट्ट्यात सर्वण हे गाव वसले आहे. कारापूर-सर्वण अशी त्याची जोडपंचायत आहे. सोमवारी साखळीचा बाजार, बुधवारी डिचोलीचा, आणि लग्नमुंज किंवा चवथीसारखी मोठी खरेदी निघालीच तर शुक्रवारी म्हापसा, असा या भागातील गृहस्थाचा आठवडा कित्येक पिढ्या बांधलेला होता. त्या तीन वारांच्या अधेमधे तेल-मीठ संपलेच तर वाड्यावरचा पसरो होताच. गोमंतकाबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे तर पसरो म्हणजे घराच्या ओसरीवर किंवा रस्त्याकडेला थाटलेले लहानसे दुकान. त्यात केरसुणीपासून केळ्यापर्यंत सर्व काही असते आणि मालकाला गिऱ्हाइकाच्या आजोबांचे नाव ठाऊक असते.

या व्यवस्थेत आता सातही दिवस उघडी असणारी, मांडण्यांवर माल रचून ठेवलेली, काचेच्या दाराची सुपरमार्केटे येऊन बसली आहेत. गोव्यात ती नवीन नाहीत. परंतु पणजी-मडगावच्या मानाने डिचोली आणि पेडणे या तालुक्यांत ती उशिरा रुजली. पेडण्यात तर मोपा येथील विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत वाहतूक सुरू झाल्यावर रस्त्याकडेच्या दुकानांचे रूप पाहता पाहता पालटू लागले. खरेदीला निघालेला मनुष्य यांतील एका दुकानाला आपले मानतो आणि दुसऱ्यापुढून मान खाली घालून निघून जातो, तो कशाच्या आधारावर, याचा विचार करावा म्हणून हा लेख. बडोदे, इंदूर, हैदराबाद अथवा बेळगाव येथील आमच्या वाचकांनाही आपापल्या गल्लीतील दुकाने यात सहज ओळखता येतील.

मालाची प्रत, मालाचा भाव आणि दुकानाची समाजातील प्रतिमा, अशा तीन कसोट्या व्यापारशास्त्राचे अभ्यासक सांगतात. पियर मार्टिनो या अमेरिकन लेखकाने १९५८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात किरकोळ दुकानाच्या ‘व्यक्तिमत्त्वा’वर एक लेख लिहिला. गिऱ्हाईक दुकानाकडे नुसते मालाचे कोठार म्हणून पाहत नाही, तर आपल्यासारख्या माणसाने तेथे जावे की नाही हेही मनाशी ठरवीत असते, असा त्याचा आशय होता. तेव्हापासून या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. आमच्या मते मात्र गृहिणीच्या मनात या तीन कसोट्या अशा सुट्या सुट्या नसतात. भाव कमी असेल तर प्रतीची शंका येते. दुकान देखणे असेल तर भाव जास्त असणारच असे ती गृहीत धरते. आणि शेजारीण ज्या दुकानात जाते त्या दुकानातील तांदूळ आपोआप चांगला ठरतो.

गोमंतकात या प्रतिमेला एक जुना इतिहास आहे. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. सावंतवाडी आणि बेळगावकडून येणारा माल थांबला, आणि त्याची जागा जहाजाने येणाऱ्या परदेशी मालाने घेतली. हॉलंडचे बटाटे, जपानचे सिमेंट, सिलोनचा चहा अशी त्या काळची यादी जुन्या पिढीच्या तोंडी असे. माल मुबलक आणि स्वस्त होता हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट ही की ‘भायलें’, म्हणजे बाहेरचे, ते उत्तम, हा समज त्या सहा-सात वर्षांत घट्ट झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, नाकेबंदी संपली, घाटावरचा भाजीपाला पुन्हा उतरू लागला. परंतु चकचकीत डब्याविषयीचा आदर मागे राहिला. आजच्या सुपरमार्केटच्या मांडणीवर परदेशी बिस्किटांचा डबा डोळ्यांसमोर ठेवलेला असतो आणि आपला उकडा तांदूळ खालच्या फळीवर असतो, तेव्हा तो जुना आदरच मांडणी करणाऱ्याच्या उपयोगी पडत असतो.

याच्या अगदी उलट टोकाला पुरुमेंताची परंपरा आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मे महिन्यातच मीठ, सुक्या मिरच्या, सोलां, कांदे, सुके नुस्ते यांचा साठा करून ठेवावयाचा, त्याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज वळणाचा असला तरी रीत आपलीच. या खरेदीत घरातील वडीलधाऱ्या बाईचा शब्द अखेरचा असे. पेडणे तालुक्यातील आगरवाड्याचे मीठ, हरमलची मिरची, अशी गावांची नावे हीच मालाची छाप होती. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले ते अगदी अलीकडे, २०२१ साली. पेडण्यातल्या बायकांनी ते फार पूर्वीच देऊन टाकले होते.

प्रत पारखण्याची ही विद्या मोठी सूक्ष्म आहे आणि तिच्यावर थोडे अधिक लिहिण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. उकडा तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरून पाहतात. कट्टदिशी तुटला तर जुना, मऊ लागला तर ओलसर. मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन वास घेतात, कारण उकडताना पाणी बिघडले असेल तर तो वास भात शिजल्यावर घरभर पसरतो. नारळ कानाशी धरून हलवितात, आणि नुसते पाणी वाजते की नाही हे न पाहता तो हाताला किती जड लागतो तेही पाहतात. सोलां बोटांनी चुरगळून पाहतात. बोटांना रंग लागला पाहिजे, पण मिठाचा खर निघता कामा नये. मिरचीचा देठ मोडतात. माशाचे कल्ले उघडतात, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर पाठीवर बोट दाबून खळगा भरून येतो का ते बघतात. ही सारी परीक्षा विक्रेत्यासमोर, त्याच्या तोंडावर, त्याला दोन शब्द ऐकवीत चालते, आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही.

आता गंमत अशी की सुपरमार्केटचा जन्मच मुळी गिऱ्हाइकाच्या हाताला मोकळीक देण्यासाठी झाला. क्लॅरन्स साँडर्स याने १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले, तेव्हा त्यातील नवलाई हीच होती की नोकराला यादी देऊन थांबण्याऐवजी गिऱ्हाइकाने टोपली घेऊन आत शिरावे आणि हवी ती वस्तू स्वतः उचलावी. मध्ये असलेला गल्ल्याचा अडसर दूर झाला. परंतु पुढे वस्तू पुडक्यात गेली. हाताला जे मिळाले ते पुडके, त्यातील दाणा नव्हे. सर्वणच्या आजीबाईंना सुपरमार्केटमध्ये चुकल्यासारखे वाटते ते थंड हवेमुळे नव्हे. त्यांच्या नाकाला, दाताला आणि बोटांना तेथे काही काम उरत नाही म्हणून. त्यांच्या सुनेला मात्र पुडक्यावरील तारीख, वजन आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक वाचता येतो, आणि खडे निवडण्यात जाणारा अर्धा तास वाचतो. दोघींचीही परीक्षा खरीच आहे. आजीबाईंना भेसळीची मिरची ओळखता येते, पण तेलातील भेसळ त्यांच्या जिभेला कळेलच असे नाही. सुनेला छापलेले सर्व कळते, न छापलेले कळत नाही.

या दोहोंच्या मधला मार्ग सहकाराने काढला, आणि आमच्या मते तो गोव्याच्या बाजारातील सर्वांत विचार करण्याजोगा प्रकार आहे. इंग्लंडातील रॉचडेल येथील विणकरांनी १८४४ साली सुरू केलेले दुकान सर्वांना ठाऊक आहे: शुद्ध माल, पुरे माप, रोखीचा व्यवहार, आणि नफा सभासदांत. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’ उभा राहिला तो याच विचारावर. दिल्लीतील कॅनॉट प्लेसमध्ये १९६६ साली रुपयाच्या अवमूल्यनानंतर भाववाढीला आळा म्हणून सरकारी आधाराने ‘सुपर बाजार’ निघाला. गोव्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. फोंडे येथे मुख्य कचेरी असलेली गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्था ही मुळात सुपारी, नारळ, काजू, मिरी पिकविणाऱ्यांची संस्था. बागायतदाराने आपली सुपारी तेथे घालावी आणि घरी लागणारे सामान तेथूनच न्यावे, अशी ही दुहेरी सोय. पुढे तिची दालने गोव्यातील अनेक गावांत निघाली आणि लोक त्यांना नुसते ‘बागायतदार’ म्हणू लागले.

एखाद्या दुकानाला लोक धंद्याच्या नावाऐवजी आपल्या नावाने ओळखू लागतात, तेव्हा प्रतिमेचे निम्मे काम झालेले असते. ‘बागायतदारात जाऊन येतो’ असे म्हणणारा मनुष्य स्वतः बागायतदार असेलच असे नाही. परंतु कुळागर राखणारा, हिशेबी, पै-पैचा चोख असा जो गोमंतकीय गृहस्थ, त्याची छाया त्या शब्दावर पडलेली आहे. तेथे दिमाख नाही. सजावट बेताचीच. पण सभासदाने आपलीच सुपारी घालून तेथील डाळ नेलेली असते, आणि डाळीत खडे निघाले तर वार्षिक सभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार त्याला असतो. हा अधिकार काचेच्या दारामागच्या कोणत्याही खाजगी मालकाकडून मिळत नाही. आणखी एक गोष्ट, जी आमच्या वाचकांना विशेष जाणवेल: भाव आपल्या भाषेत विचारता येतो. मोठ्या शहरांतील झगमगीत दुकानांत पुष्कळदा इंग्रजी-हिंदीतून प्रारंभ होतो आणि पेडणे-डिचोलीहून आलेली बाई वस्तू परत जागेवर ठेवते ती भावामुळे नव्हे, तर कोणत्या भाषेत विचारावे या संकोचाने.

भावाकडे वळू. गृहिणीला शंभर वस्तूंचे भाव पाठ नसतात. सात-आठ वस्तूंचे असतात. साखर, गोडे तेल, तूरडाळ, कांदे, उकडा तांदूळ, आणि गोव्यात अर्थातच नारळ. दुकान स्वस्त की महाग हा निकाल ती एवढ्यावरूनच लावते. दुकानदारालाही हे पक्के ठाऊक असल्यामुळे तो या वस्तूंवर नफा सोडतो आणि झाडू, मसाले, साबण, पोरांचा खाऊ यांवर भरून काढतो. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही, व्यापार असाच चालतो. परंतु पिशवीत पहिल्या सात वस्तू किती आणि दुसऱ्या प्रकारच्या किती, हे घरी येऊन एकदा मोजून पाहण्यासारखे असते. २०२४-२५ मध्ये नारळ कडाडला तेव्हा गोव्यातील घराघरांत दुकानांची तुलना नारळावरूनच होत होती, मग बाकीचे सामान कितीही रास्त असो.

पुडक्यावर छापलेल्या किमतीचेही असेच. सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे १९९० पासून आहे. तिचा हेतू दुकानदाराने जास्त घेऊ नये हा. पण ती किमतीची वरची मर्यादा आहे, वस्तूचे मोल नव्हे. ‘छापील किमतीपेक्षा वीस रुपये कमी’ अशी पाटी वाचून आनंद मानण्यापूर्वी छापील किंमत मुळात कोणी ठरविली हे आठवावे: ती उत्पादकानेच ठरविलेली असते. किलोमागे अथवा ग्रॅममागे दर किती पडतो हे पुडक्यावर छापण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ साली केला. तो आकडा बारीक अक्षरांत असतो, तरी चष्मा लावून वाचण्यासारखा खासच. मोठे पुडके नेहमीच स्वस्त पडते हा समजही त्याने ढासळतो. शांपूच्या लहान पुड्या तर पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.

शिवाय डिचोलीपर्यंत जाण्यायेण्याचे पेट्रोल किंवा बसभाडे कोणी किमतीत धरीत नाही. महिन्याचे सामान एकदम आणणाऱ्यास ते परवडते. दर दोन दिवसांनी अर्धा किलो साखर आणणाऱ्यास मुळीच नाही. म्हणजे सुपरमार्केटची स्वस्ताई ही ज्याच्या हातात महिन्याच्या पहिल्या तारखेस रोख पगार पडतो त्याच्यासाठी आहे. रोजावर जाणाऱ्याला स्वस्त वस्तू विकत घेणेच महाग पडते. भाजीच्या बाबतीत मात्र गोव्यात एक चांगला अपवाद झाला. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दराने भाजी मिळते, आणि या गाड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्याने टोमॅटो-कांद्याच्या भावाला गावातल्या गावात एक मापदंड मिळाला. पसरोवाला आणि आठवड्याच्या बाजारातला भाजीवाला, दोघांनाही त्या गाड्याकडे पाहूनच भाव सांगावा लागतो.

आणि आता पिशवी. गावात बसमधून उतरलेल्या मनुष्याच्या हातातील पिशवीवर कोणत्या दुकानाचे नाव आहे, हे तिठ्यावर बसलेल्या दहा जणांना दिसते. ‘पगार झालेला दिसतो,’ ‘मुलगा जहाजावरून आला वाटते,’ असे तर्क त्या नावावरून बांधले जातात. रिकामी झालेली ती पिशवी कोणी टाकीत नाही; मुलाच्या डब्याला, देवळात नारळ नेण्याला, पाहुण्यांकडे आंबे पाठविण्याला तीच घडी उलगडून वापरतात. पसरोवाल्याच्या कागदी पुडीवर नाव नसते. लग्नघरची खरेदी तर पाहण्यासारखी: काजू, बदाम, अत्तर ही नावाजलेल्या दुकानातून, सर्वांना दिसतील अशी, आणि स्वयंपाकाला लागणारी पोती संध्याकाळी ओळखीच्या व्यापाऱ्याकडून टेंपोतून, मागील दाराने. जे पाहुण्यांपुढे येते ते कोठून आणले हे सांगावयाचे असते. जे चुलीवर जाते ते कोठून स्वस्त मिळाले हे सांगावयाचे नसते.

या प्रतिमेची दुसरी बाजू कमी बोलली जाते. काचेच्या दाराशी चपला काढाव्यात की काय या विचाराने क्षणभर थबकणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आत शिरल्यावर हातातली जुनी पिशवी दाराशी ठेवून बिल्ला घ्यावा लागतो; ही पद्धत सर्वांना सारखी असली तरी शेतातून थेट आलेल्या माणसाला ती आपल्यापुरतीच वाटते. आणि टोपलीत चारच वस्तू असताना, समोर गाडी भरून सामान घेतलेल्या गिऱ्हाइकामागे रांगेत उभे राहणे हे सर्वांना सोपे नसते. असा मनुष्य पसऱ्यावर दोन रुपये जास्त देतो. तो अज्ञानी नाही. ते दोन रुपये मान राखल्याचे आहेत.

परंतु पसऱ्याचा खरा आधार मानाचा नव्हे, उधारीचा. डिचोली तालुक्याला हे २०१२ साली फार कठोरपणे कळले. त्याआधीची काही वर्षे लोहखनिजाला चीनमधून प्रचंड मागणी होती. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. गावोगावच्या लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, घरे वाढविली, खरेदीचे हात सैल झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालानंतर काही काळ त्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकवाला, चालक, गॅरेजवाला, खाणीवरच्या कामगारांना चहा देणारा, सर्वांचा रोख पैसा एकाच आठवड्यात आटला.

सुपरमार्केटमध्ये ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे म्हणता येत नाही. यंत्रातून निघालेल्या बिलाला डोळे नसतात. रॉचडेलच्या विणकरांनीही रोखीचाच नियम केला होता, आणि तो शहाणपणाचा होता, कारण उधारीने कामगार दुकानदाराचा बांधील होत असे. तरीही बंदीच्या त्या महिन्यांत ज्यांच्या घरी तांदूळ शिजला तो पुष्कळ ठिकाणी वाड्यावरच्या पसऱ्यातून वहीत लिहून आणलेला होता. त्याची किंमत किती, याचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. चाळीस रुपयांच्या वस्तूला बेचाळीस लावले आणि पैसे महिन्याने आले, तर ते महिन्याला शेकडा पाच, म्हणजे वर्षाला शेकडा साठ व्याज होते. हे सावकारी व्याज झाले असे कोणी म्हणेल. पण वहीतील दहा खात्यांपैकी एक जरी बुडाले, तरी इतर नऊ जणांनी दिलेले ते दोन-दोन रुपये त्यात गडप होऊन पसरोवाला उलट तोट्यात जातो. आणि त्या काळात खाते एकच बुडत नव्हते.

चांगल्या दिवसांत महिन्याचे सामान रोखीने मोठ्या दुकानातून आणणारी आणि वाईट दिवसांत वही घेऊन पसऱ्यावर जाणारी घरे होती, हे आम्ही दोष म्हणून लिहीत नाही. माणूस जेथे स्वस्त तेथे जाणारच. पण दुकान पारखताना प्रत, भाव आणि प्रतिमा या तिहींत ही गोष्ट कोठेच बसत नाही, हे अभ्यासकांच्या लेखांतून सुटते. अडीअडचणीत कोण थांबून घेईल, या कसोटीला मांडणीवर जागा नाही.

आज पसरोवाल्यांनी आपापल्या परीने वाट काढली आहे. फोनवरून पैसे घेण्याचा चौकोनी ठसा लहानातल्या लहान दुकानात लागला आहे. काहींनी मांडण्या करून गिऱ्हाइकाला आत येऊ दिले आहे; काहींनी फक्त दूध, पाव, अंडी, भाजी असा रोजचा माल ठेवून डाळ-तांदूळ मोठ्या दुकानांवर सोपविला आहे. कित्येकांची मुले नोकरीला लागली आणि ओसरीवरच्या फळ्या कायमच्या लागल्या. २०२४ मध्ये डिचोलीतील खाणपट्टा नव्या लिलावानंतर पुन्हा चालू झाला, तेव्हा रस्त्यावर ट्रक दिसू लागले. पसऱ्यावर रोखीने माल नेणारे वाढले की आपली जुनी बाकी मागावी की नवे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून गप्प राहावे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे ती वही अजून गल्ल्याखालीच आहे.